रिकामी होडी खोल का बसते?

"तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही. उत्तर बदलणार नाही ते... यंत्र आहे, माझी आई नाही!"

मानेमागून आवाज आला आणि माहिताबच्या मांडीवरचा लॅपटॉप घसरता घसरता राहिला. निळी ट्राम इब्राहिमियाच्या अलीकडे पाण्यात रुतून बसली होती. कासिम आला होता ना! अलेक्झांड्रियात वादळंसुद्धा नावानिशी येतात, आणि त्यातला हा कासिम म्हणजे महाआचरट. दरवर्षी ठरल्या वेळी येणार आणि शहराला धोपटून जाणार. खिडकीच्या फटीतून पाण्याचे तुषार आत येत होते, ओल्या लोकरीचा वास डब्यात कोंदला होता आणि पुढच्या बाकावर कुणीतरी निवांत संत्रं सोलत होतं.

ती वळली. मागच्या बाकावर एक तरुण. नखशिखांत भिजलेला, कुरळ्या केसांतून पाणी नाकावर ठिबकतंय, मांडीवर अवजारांची पिशवी आणि पिशवीतून ड्रिल मशिनचं टोक बाहेर डोकावतंय. चेहऱ्यावर मात्र ओशाळेपणाचा लवलेश नाही.

"दुसऱ्याच्या पडद्यात डोकावणं चांगलं नव्हे, अहो बाशमुहंदिस," ती म्हणाली. या शहरात ज्याच्या हाती स्क्रूड्रायव्हर त्याला बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणतात, आणि ज्याला टोमणा मारायचा त्यालाही. माहिताबने एकाच शब्दात दोन्ही कामं उरकली.

"डोकावलो कुठे? ट्राम हलत नाही, खिडकीबाहेर नुसतं पाणी. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच..." तो थांबला, कान लाल झाले. "म्हणजे... पडद्यावर."

तिने ओठ घट्ट मिटले, नाहीतर हसू फुटलं असतं.

"तुम्ही त्या 'नवे' नावाच्या फोल्डरला विचारताय, तुझ्यात काय आहे?" तो पुढे झुकला. "एकदा असं विचारा ना, तू राहतोस कुठे?"

"कुठे म्हणजे? समोर तर आहे."

"समोर नुसती पाटी आहे. ते कुठल्या डिस्कवर आहे ते पाटीवरून कळत नाही."

आता हे ऐकून एखादी शहाणी मुलगी पाठ फिरवून बसली असती. पण माहिताबला जन्मतःच एक खोड होती. समोर गाठ दिसली की सोडवल्याशिवाय तिला घास जायचा नाही. तिने लॅपटॉप अर्धा त्याच्याकडे वळवला. फोनच्या इंटरनेटवरून ती कामाच्या ठिकाणच्या मशिनला जोडलेली होती.

"मग कसं कळतं?"

"डीएफ असा हुकूम लिहा. एक जागा सोडा. पुढे फोल्डरचा सगळा पत्ता... आता एन्टर."

दोनच ओळी उमटल्या. त्याने बोट पडद्याला न लावता दाखवलं. "ओळीतलं पहिलं नाव बघा. एसडीबी. ही दुसरी डिस्क. आता 'जुने' फोल्डरला विचारा."

तिने विचारलं. "एसडीए."

"ही पहिली."

"पण हे दोन्ही फोल्डर एकाच मोठ्या फोल्डरच्या पोटात आहेत!" तिचे डोळे मोठे झाले. "मग डिस्क वेगळ्या कशा?"

"हीच तर लिनक्सची, तुमचं मशीन चालवणाऱ्या प्रणालीची, गंमत!" तो रंगात आला. "बाकीच्यांकडे प्रत्येक डिस्क म्हणजे वेगळं घर. वेगळं दार, वेगळी पाटी. लिनक्समध्ये सगळी घरं आतून एकमेकांत उघडतात. पहिल्या घरात चालता चालता एका दारातून आत गेलात की घरमालक बदलतो... पण मध्ये उंबरा दिसत नाही. त्या दारात दुसरी डिस्क आणून बसवलेली असते."

"कोण बसवतं?"

"मशीन सुरू होताना आपणहून बसते."

"रोज?"

"रोज."

"आणि एखाद्या दिवशी नाहीच बसली तर?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच कंडक्टर ओरडला, "उतरा लोकहो, उतरा! कासिम जाईस्तोवर ही काही हलायची नाही!"

मग काय, बुटात पाणी भरत दोघं फुटपाथवर आली. एका छपराखाली हम्मुसवाल्याची गाडी वाफाळत उभी होती. हरभऱ्यांचा तिखट, आंबट, गरमागरम रस्सा. अशा थंडीत त्या गाडीपुढून कोरडेपणाने निघून जाणारा माणूस अलेक्झांड्रियाचा नव्हेच. दोन पेले घेतले. त्याने स्वतःच्या पेल्यातले हरभरे चमच्याने वेचून तिच्या पेल्यात टाकले.

"हे काय?"

"तुमच्या पेल्यात नुसता रस्सा आलाय. मी बघत होतो."

"तुम्ही फार बघता."

"तुम्ही फार विचारता."

ती हसली, आणि मग का कोण जाणे, तिने काखेतला लॅपटॉप घट्ट धरला. तो जरा हळू आवाजात म्हणाला, "काय हरवलंय?"

"एक आवाज," तिने चमचा उगाचच ढवळला. "कुणाचा, ते विचारू नका."

त्याने खरंच विचारलं नाही. नेमकं तेच तिच्या मनात राहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो "आलो, आलो, पाण्यात अडकलोय" म्हणत एका बाजूला गेला, आणि तिलाही उशीर झाला होताच. नाव विचारायचं राहून गेलं. जगातले सगळे प्रश्न विचारणारी मुलगी नेमका तोच विसरली!

माहिताब काम करायची ते 'आवाजघर' इब्राहिमियात एका मिठाईवाल्याच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, एक मशीन, आणि मालकीणबाई इक्बाल, सगळ्यांच्या उस्ताझा, म्हणजे बाईसाहेब. बाईंनी उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवलेली. अजूनही चहात साखर मागितली तरी देशावर संकट आल्यासारखं वाटायचं. शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज त्या गोळा करायच्या. लग्नातली गाणी, कोळ्यांच्या हाका, सासवांची भांडणं. लोकांनी विश्वासाने दिलेले आवाज. म्हणून घराचा एक कडक नियम होता. आवाज घराबाहेर जायचा नाही. डिस्क म्हातारी झाली की तिला आरपार भोक पाडायचं, मगच फेकायची.

आज तो दिवस होता. जुनी डिस्क आठवडाभर टक्... टक्... करत होती. कधीही मान टाकेल अशी अवस्था. त्यातलं सगळं माहिताबने स्वतःच्या हाताने नव्या डिस्कवर नेलं होतं आणि जुनीवरून पुसलंही होतं. सगळं होतं. फक्त तिच्या बाबांचा आवाज तेवढा नव्हता.

तिचे बाबा, बरकात मिस्त्री, सगळ्यांचे उस्ता बरकात, अन्फुशीच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचे. गेल्या हिवाळ्यात, असंच वादळ असताना, ती रेकॉर्डर घेऊन त्यांच्याजवळ बसली होती. तिथून धावत इथे आली आणि आवाज 'नवे' फोल्डरमध्ये ठेवला. ठेवला, हे तिला पक्कं आठवत होतं. वसंतात बाबा गेले. पुढे कितीतरी महिने तिला ऐकायचा धीरच झाला नाही. ज्या दिवशी झाला, त्या दिवशी फोल्डर उघडला तर आवाज नाही! पण तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर कुणीतरी म्हणेल, "गेला तो." कुणी म्हणत नाही तोवर गेलेला नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत होती.

दारावरची घंटा वाजली. दारात कुरळे केस, भिजलेला कोट आणि ड्रिल मशीन.

"तुम्ही?" दोघं एकदम म्हणाली.

"हा हाझिम. डिस्क काढायला बोलावलंय मी," उस्ताझा इक्बाल बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या. "तुमची ओळख आहे?"

"नाही," माहिताब म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

बाईंची एक भुवई वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही. "मी चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. दार मात्र उघडंच ठेवलं.

हाझिम मशिनपुढे बसला. माहिताबची नजर ड्रिलवरून हलेना. ते भोक पडलं की संपलं. मग शोधायलाही काही उरणार नाही.

"'जुने' रिकामं... 'नवे' भरलेलं," तो पुटपुटला. "सगळं नेलंय तुम्ही. छान. मग काढू हिला?"

"थांबा ना..." ती त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. "डीएफ करा एकदा. 'जुने'वर."

"सकाळी शिकवलं आणि दुपारी माझीच परीक्षा?" तरी त्याने केलं.

"डिस्कच्या नावापुढे हे आकडे कसले?"

"डिस्क केवढी, भरलीये किती, उरलीये किती."

"पण ही तर रिकामी आहे. मग भरलेली जागा एवढी कशी?"

"थोडी जागा डिस्क स्वतःसाठी ठेवते, त्याचं काही..." तो थांबला. खुर्ची पुढे ओढली. "...एवढी नाही ठेवत."

टक्... टक्... डिस्क कण्हत होती. आणि माहिताबला एकदम अन्फुशीचा तो किनारा दिसला. गिऱ्हाईक होडीचा रंग बघायचं, डेकवर पाय आपटून बघायचं. बाबा मात्र लांब उकिडवे बसून होडी पाण्यात कुठवर बुडालीये तेवढंच बघत. डेकवर चिटपाखरू नाही आणि तरी होडी खोल बसलीये, तर तिच्या पोटात काहीतरी आहे, ते म्हणायचे. वरून फळी बसलीये, म्हणून दिसत नाही एवढंच.

"सकाळचा माझा एक प्रश्न राहिलाय," ती हळूच म्हणाली. "दारात दुसरी डिस्क बसलीच नाही... आणि कुणी त्या दारातून आत सामान ठेवलं... तर ते कुठे जातं?"

"पहिल्याच घरात. ते दार म्हणजे पहिल्या घराचाच एक कोनाडा. डिस्क नसली की सामान कोनाड्यात पडतं."

"आणि मग डिस्क येऊन बसली की?"

हाझिमने वळून तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला.

"कोनाडा झाकला जातो," तो म्हणाला. "सामान तिथेच असतं. फक्त दिसत नाही."

"त्या दिवशी वीज गेली होती," माहिताब म्हणाली. "वादळ होतं. आली तशी मी मशीन घाईघाईत चालू केलं. नवी डिस्क बाहेरून जोडलेली, तिचं बटण वेगळं... मी ते दाबलंच नसणार. फोल्डर रिकामा दिसला, मला वाटलं नवाच तर आहे, रिकामाच असणार... दुसऱ्या दिवशी उस्ताझांनी सगळं नीट सुरू केलं... आणि..." तिने त्या टकटकत्या डिस्ककडे बघितलं. "हाझिम, माझ्या बाबांचा आवाज आहे तो. ते नाहीत आता."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि तो कळसाही नेमका अशा डिस्कवर, जिला भोक पाडायला हा मनुष्य अवजार घेऊन आला होता.

हाझिमने पायाने ड्रिल मशीन टेबलाखाली, पार भिंतीपर्यंत लोटलं.

"नवी डिस्क क्षणभर उठवू या दारातून," तो म्हणाला आणि हुकूम दिला. मशिनने साफ नकार दिला. "म्हणते, मी कामात आहे. कुणीतरी अजून आत आहे. उस्ताझा! तुम्ही काही ऐकताय का?"

"मी चहाचं उकळणं ऐकते आहे!" आतून निवेदन आलं.

मग त्याची नजर तिच्या लॅपटॉपवर गेली आणि तो खो-खो हसत सुटला. "अगं, तूच आहेस! सकाळपासून त्या फोल्डरमध्ये जाऊन उभी आहेस, बाहेर आलीच नाहीस. तू आत असताना डिस्क उठेल कशी? ये बाहेर!"

'अगं' आणि 'तू' दोन्ही एकदम निसटलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं, आणि दोघांनीही ऐकू न आल्याचं सोंग केलं.

"आले बाहेर," ती लाजून म्हणाली आणि फोल्डरमधून एक पायरी मागे आली.

या वेळी डिस्क मुकाट्याने उठली. 'नवे' फोल्डर आता रिकामा असायला हवा होता. हाझिम खुर्चीवरून उठला. "तू विचार. तुझा प्रश्न आहे."

तिने विचारलं. एकच ओळ आली. एकच फाईल. नावाच्या जागी तिने घाईत लिहिलेला एकच शब्द... बाबा.

तिने तोंडावर हात ठेवला. मग डीएफ लिहून फोल्डरचा तोच पत्ता पुढे घातला. पाटी तीच, पण सकाळी एसडीबी म्हणणाऱ्या ओळीत आता एसडीए होतं. तीच मरायला टेकलेली.

"हलवू आता इथून, लवकर," हाझिम कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर डिस्क दचकेल. फाईल तिच्या लॅपटॉपकडे निघाली. अर्ध्यावर आली... आणि अडली. टक्. टक्. टक्. माहिताबने नकळत त्याच्या कोटाची ओली बाही मुठीत धरली. तो जराही हलला नाही. बाहेर पाऊस काचेवर सपासप मारत होता.

"चल गं बये, चल," हाझिम डिस्कलाच विनवत होता. "एवढं एक कर, मग कुणी तुला हात लावणार नाही..."

पट्टी हलली. सरकली. पूर्ण झाली.

उस्ताझा इक्बाल चहाचे पेले घेऊन आल्या, दोघांचे चेहरे बघितले, बाही धरलेली मूठही बघितली आणि पेले ठेवून म्हणाल्या, "खाली मिठाईवाल्याकडे बसबूसा ताजा आहे असं कळतं. मला यायला वेळ लागेल." आणि एवढ्या पावसात खरंच गेल्या.

माहिताबने फाईल लावली.

आधी वारा. मग लाटा. मग लाकडावर हातोडी. ठक्, ठक्... फळ्यांच्या फटीत कापूस ठोकण्याचा आवाज. तिच्या बालपणातला रोजचा आवाज. आणि मग तो घोगरा, विड्या ओढून खरवडलेला गळा.

"...रंग बघून होडी घेणारा बुडतो. लिहून ठेव."

"बाबा, मग रिकामी होडी खोल का बसते?" रेकॉर्डिंगमधून तिचाच आवाज विचारत होता.

हातोडी थांबली. बाबांनी उत्तर दिलं, तेच, तिला पाठ असलेलं. पण त्यानंतर ते हसले होते. हे हसणं ती पार विसरून गेली होती. "सकाळपासून कितवा प्रश्न गं हा? या पोरीचा नवरा बिचारा उत्तरं देऊन देऊन दमणार!"

माहिताब हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. हाझिमने खिशातून रुमाल काढला; तोही भिजलेलाच निघाला. त्याने तो पिळला आणि तसाच पुढे केला, त्यावर ती आणखी हसली, आणखी रडली.

आवाज पुढे चालूच होता. नुसती हातोडी, नुसता वारा. 

"तुझ्या बाबांचं एक चुकलं," शेवटी हाझिम म्हणाला.

तिने डोळे पुसले. "माझ्या बाबांचं? काय चुकलं?"

"दमणार म्हणाले ते." तो पेल्याकडे बघत होता. "मी... सकाळपासून... अजून दमलो नाही."

माहिताबला कळायचं ते कळलं. पण खोड ती खोड.

"आणि उद्या?"

"उद्याही नाही."

"आणि म्हातारपणी?"

"हा प्रश्न इथे नाही विचारायचा," त्याने आता सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुझ्या घरी विचारायचा. शुक्रवारी. माझ्या आईसमोर... म्हणजे, तू ये म्हणालीस तर. तुमच्याकडे बोलायला कोण असतं?"

"काका. पण ते प्रश्न फार विचारतात."

"म्हणजे घराण्यातच आहे."

"हाझिम..."

"अजून एक प्रश्न?"

"शुक्रवारी येताना बसबूसा आणशील की कोनाफा?"

तो नुसता हसत राहिला, कानांपर्यंत लाल होऊन. आणि तेवढ्यात, इतका वेळ नुसती हातोडी वाजत असलेल्या त्या रेकॉर्डिंगमधून बाबा एकदम बोलले, इतक्या जवळून की दोघंही सावरून बसली.

"बास कर आता, माही. चहा गार होतोय."

आणि खरोखरच, टेबलावरचे दोन्ही पेले कधीचे गार झाले होते.